कांडपवाले चाचा आणि माझ्या हळदीच्या गोळ्या

गुडघ्याला हळदीच्या गोळ्या फार चांगल्या, असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की मी आता गप्प बसत नाही. लग्नात असो, एसटीत असो, नाहीतर कुणाच्या दहाव्याला असो. बायको चिमटा काढते, "जाऊ द्या ना हो." नाही जाऊ देणार! पूर्वी जाऊ देत होतो. जाऊ देत होतो कसलं, त्या गोळ्या मीच विकत होतो. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुके माझ्याकडं होते. अंगात पांढरा शर्ट, खिशाला कंपनीचा बिल्ला आणि बॅगेत पिवळ्या झाकणाच्या डब्या. माझं तोंड सरळ केलं ते जळोचीच्या एका माणसानं, आणि तो माणूस डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होता.

पिवळा म्हणजे खरोखरच पिवळा. चाचांची मसाला कांडपाची गिरणी होती आणि वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. सकाळी पांढरी टोपी घालून चाचा खाली उतरायचे आणि दुपारपर्यंत टोपी, दाढी, भुवया, कानाच्या पाळ्या सगळं एका रंगाचं होऊन जायचं. तळहात तर शुक्रवारी घासूनसुद्धा पांढरे होत नसत. मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय जडलेली, त्यामुळं मशीन बंद असली तरी पट्टी तीच. "कुनाला सांगू नगंस" असं चाचा म्हणाले, की ती गोष्ट निम्म्या जळोचीला कळलीच म्हणून समजा.

कुणाला नावानं हाक मारायची नाही, हा त्यांचा आणखी एक नेम. डब्यावर खडूनं गाव लिहायचं आणि माणसालाही त्याच गावानं बोलवायचं. हळकुंड दाताखाली धरून कट्कन आवाज येतो का ते बघायचे आणि नाही आला तर तिथूनच ओरडायचे, "ए कळंब! तुझी हळद वली हाय. घिऊन जा, चार दिस उनात टाक, मग ये." एका गावची दोन माणसं झाली तर एक थोरलं आणि एक धाकटं. मी शेळगावचा, म्हणून धाकटं शेळगाव. थोरलं शेळगाव म्हणजे माझी आई. वर्षाची हळद-मिरची ती माझ्या जन्माआधीपासून त्यांच्याकडंच कांडून न्यायची.

लग्नाची हळद असली की मग चाचांना हात लावायची सोय नव्हती. आधी मशीन पुसायची, मग मिरचीचा कण राहू नये म्हणून त्यातून मूठमूठ तांदूळ काढायचे, आणि मगच नवरीची हळद घालायची. एकदा अशीच हळद चालू असताना एका पुढाऱ्याची जीप आली. आत मिरचीची पोती. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, आमचं आधी घ्या, साहेबांकडं जेवणावळ हाय." चाचांनी मान वर केली नाही. "हितं नवरीची हळद हाय. तिच्या गालाला तुमची मिरची झोंबली तर तुमचा सायेब येनार हाय का फुंकर घालाया?" जीप दोन तास उन्हात उभी राहिली. जाताना ड्रायव्हरच्या बाहीला हळद लागली, तर त्यालाही सल्ला मिळाला, "साबन लावू नगं, लाल पडंल. नुसत्या पान्यानं धू आन् उनात टाक. हळदीचा डाग उनात जातो."

तर असा हा माणूस, आणि त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

गिरणीला तीन पायऱ्या होत्या. चाचा त्या पाठमोरे उतरायचे. दाराची चौकट धरायची, तोंड मशीनकडं करायचं आणि एकेक पाय मागं टाकत खाली यायचं. नवीन गिऱ्हाईक हसायचं. त्याला चाचा म्हणायचे, "मशीनला पाठ दावू न्हाय, इमान असतं." खरं कारण मला माहीत होतं. सरळ उतरलं की गुडघ्यातून कळ निघून मस्तकात जायची. सरकारी दवाखान्यात फोटो काढला, तर तिथले डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली गादी झिजली आहे. व्यायामाच्या बाईंनी खुर्चीत बसून पाय वर उचलायचा आणि खाली सोडायचा, असं शिकवलं. चाचा त्यांच्यावरच उखडले. "वर-खाली करायचं काम माझी मशीन करती. मी कशाला करू?"

एवढी आयती संधी मी सोडतोय होय! एके सकाळी डबी घेऊन खाली उतरलो.

"ह्यात काय हाय?" चाचांनी विचारलं.

"हळदीचा अर्क."

"आन्?"

"मिऱ्याचा अर्क."

"म्हंजे आमटीच की रं! फोडनी तेवढी ऱ्हायली." मग छाती झटकून म्हणाले, "हितनं जी हळद उडाली तिच्यात तुझ्या धा डब्या भरतील. आरं, हळदीनं गुडघं बरं हुयाचं आसतं तर पयलं माझं झालं आसतं."

मला मीटिंगमध्ये शिकवलेलं उत्तर पाठ होतं. "चाचा, साधी हळद अंगाला लागत नाही. आमची लागते."

"मग एवढी वर्सं माझ्यात गेली ती कुठं गेली?"

"बाहेर."

चाचा इतके हसले की ठसका लागला. पण डबी काही घेतली नाही.

आईनं मात्र घेतली. तिचेही गुडघे दुखायचे, आणि पहिलं गिऱ्हाईक घरचंच असावं म्हणून मीच नेऊन दिली. तिला बीपी होतं. त्याची डॉक्टरांची एक गोळी ती रोज सकाळी चहाबरोबर घ्यायची. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून मी तिला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, हे आज सांगताना जिभेला जड जातं, पण सांगतो. आई शेळगावभर डबी दाखवत फिरली. "माझ्या पोराची गोळी हाय" म्हणायची. मी कंपनीत नोकर आहे हे तिच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. तिला वाटायचं, गोळी मीच काढली.

चाचा गोळीला राजी झाले ते एका शुक्रवारी. गिरणीवर एक गिऱ्हाईक अडून बसलं होतं म्हणून मी त्यांना बोलवायला मशिदीपाशी गेलो. नमाज चालू होती, फाटकातून आतलं दिसत होतं. सगळी माणसं एकदम खाली वाकली, कपाळं जमिनीला लागली. शेवटच्या ओळीत गिरणीतली निळी प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिच्यावर चाचा. ते बसल्या जागी वाकले तेवढेच. सगळ्या पाठी खाली आणि त्यांची एकट्याची वर.

बाहेर आल्यावर त्यांनी माझं तोंड बघितलं. "मागच्या बाकावर बसिवलंय मला. साळंत बी तितंच हुतो," म्हणाले. थोडं चालल्यावर थांबले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. "दोन वर्सं झाली रं. कपाळ टेकलं न्हाय जमिनीला. जेवान न्हाय गेलं तर चालंल, पर ह्ये..." मग एकदम जुन्या पट्टीत, "दे तुझी गोळी! पर ऐक. कपाळ टेकलं तर तुझ्या सायबाच्या स्टेजवर यिऊन सांगीन. न्हाय टेकलं तरी यिऊन सांगीन. कबूल?"

मी कबूल म्हणालो. माझ्या कानात फक्त पहिला अर्धा भाग गेला होता.

गणपतीत गोळ्या चालू झाल्या. गिरणी उघडताना एक, बंद करताना एक. प्रत्येक गोळीला भिंतीवर खडूची एक रेघ. पंधरा दिवसांनी म्हणाले, "जरा हलकं वाटतंय." मी लगेच कंपनीच्या साहेबांना फोन लावला. महिन्यानं मी विचारलं तर म्हणाले, "हलकं वाटतंय आसं वाटलं हुतं." तो फोन मी केला नाही.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी मला मशीन बंद करून समोर बसवलं. चालू मशीन बंद करणं म्हणजे गंभीर मामला. "हितं बाया नंबर लावून बसत्यात. बोलत्यात. तुझी गोळी घेनाऱ्या बाया डाक्टरची गोळी सोडाय लागल्यात. कुनी साखरंची, कुनी बीपीची. तुला म्हाईत हाय का?"

"आम्ही कुठं सोडा म्हणतो, चाचा?"

"घ्या बी म्हनत न्हाय ना?"

मी म्हणालो, साहेबांना सांगतो. सांगितलं नाही. साहेब तर प्रत्येक सभेत म्हणायचे, "किती दिवस केमिकल पोटात घालणार?" आणि टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांत मीही असायचो.

संक्रांतीच्या आधी इंदापूरला एका मंगल कार्यालयात मोठी सभा ठरली. पिवळ्या माणसाला स्टेजवर बसवायची कल्पना माझीच. साहेब पुण्याहून आले, चाचांना बघितलं आणि खूश झाले. चाचा अंग न धुता तसेच गिरणीतून आले होते. "धुवून आलो तर वळखू कसा येनार?" स्टेजवरच्या पांढऱ्या कापडाच्या सोफ्यावर ते टेकले आणि सोफा पिवळा झाला. पहिल्या रांगेत मी आईला बसवलं होतं, ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली होती.

साहेबांनी माइक पुढं केला. "चाचा, सांगा सगळ्यांना, किती फरक पडला?"

माइकची गरज नव्हतीच. "रोज दोन गोळ्या घेतल्या. एक बी खाडा न्हाय. भितीवर रेघा हायत, यिऊन बगा. आदी वाटलं फरक पडला. मग वाटलं, न्हाय पडला. आता म्या सांगन्यापरास तुमीच बगा." असं म्हणून टेबलाला धरून, एक पाय लांब करत, चाचा स्टेजवर खाली धपकन बसले. समोरून कुणीतरी टाळी वाजवली. साहेब हसले.

"टाळ्या कशाला? बसाया काय लागतंय, पडलं तरी बसता येतंय," चाचा म्हणाले. "आता उठतो."

आणि त्यांनी उठायचा प्रयत्न केला. लोक नंतर म्हणाले, म्हातारा नाटकी होता, मुद्दाम केलं. खोटं आहे! मी चार हातांवर उभा होतो. दोन्ही हात टेकले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ दाताखाली गेला. त्या माणसाला खरंच उठायचं होतं. गोळी खोटी ठरावी म्हणून तो बसला नव्हता, कपाळ टेकावं म्हणून त्यानं ती गोळी खाल्ली होती. गुडघ्यांनी साथ दिली नाही. चाचा परत खाली बसले, श्वास घेतला आणि साहेबांकडं बोट केलं. "उटवा. तुमच्या गोळीनं उटवा मला."

साहेबांनी साउंडवाल्याला खूण केली, माइक बंद झाला. आवाजात काडीचाही फरक पडला नाही.

"आता बायामानसास्नी एक इचारतो," चाचा म्हणाले. "ही गोळी चालू केल्यावर डाक्टरची गोळी कुनी कुनी बंद केली? खरं सांगा. हात वर करा."

पहिला हात पहिल्या रांगेतून वर गेला. झटकन. हिरव्या बांगड्यांचा. माझ्या आईचा.

घाबरून नव्हे, लाजून नव्हे. उत्तर येणाऱ्या मुलीसारखा तो हात वर होता, आणि माझ्याकडं बघून ती हसत होती. चाचांमुळं अडकलेला माझा डाव तिनं आपल्या परीनं सावरला होता. एक हात आपल्या पोराच्या बाजूनं वर, असा तिचा हिशेब.

"थोरलं शेळगाव," चाचांचा आवाज बदलला, "कसली गोळी, ताई?"

"बीपीची."

"कवाधरनं?"

"दिवाळीपास्नं. दोनी घेतल्या आन् बरं वाटलं, तर नाव डाक्टरचं हुईल. माझ्या पोराच्या गोळीला येस याया नगं का?"

मागं आणखी हात वर जायला लागले होते. किती होते ते मला माहीत नाही. मला तो एकच दिसत होता. माझे पाय मात्र चाचांकडं वळले, म्हातारा माणूस खाली बसलेला, सगळे बघतायत. मी त्यांच्या काखेत हात घातला, तर त्यांनी फाडकन झटकला.

"मला काय धाड भरलीया? आदी तिकडं जा! मी बसलोय हितंच. मला कुठं उठता येतंय?"

इंदापूरच्या डॉक्टरांनी आईच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. मग म्हणाले, "गोळी कुणी बंद करायला सांगितली?"

"कुनीच न्हाय," आई म्हणाली.

"कुणीच नाही," मी म्हणालो. दोघांचंही खरं होतं. पण तसलं खरं बोलताना मला जेवढी लाज वाटली तेवढी मीटिंगमधल्या सगळ्या खोट्यांची मिळून वाटली नव्हती. डॉक्टरांनी आईला दुपारभर निजवून ठेवलं. माणूस भला होता, ओरडला नाही. म्हणाला, "हळदीच्या गोळीनं कुणाला थोडा आराम पडतो, मी नाही म्हणत नाही. पण घेण्याआधी मला विचारा, आणि तिच्यासाठी माझी गोळी सोडू नका. नशीब, आज कळलं." आई माझ्याकडं बघत होती. तिला एवढंच कळेना, की एवढा हात वर करूनही मी रडतोय का.

चार वाजता बहीण आईपाशी आली आणि मी पळत कार्यालयात गेलो. साहेब गेले होते. बॅनर उतरला होता, खुर्च्या एकावर एक चढल्या होत्या, दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचे मांडववाले झालरी लावत होते. आणि स्टेजच्या मधोमध चाचा बसलेले, बाजूला जेवणाचं रिकामं ताट, आणि मांडववाल्यांना चांगलं हळकुंड ओळखावं कसं ते सांगत होते. साहेबांच्या माणसांनी दोनदा उचलायला बघितलं म्हणे. चाचांनी दोन्ही वेळा हाकललं. "ज्यानं आनलाय त्योच उटवील."

मला बघून त्यांनी हात पुढं केला नाही. आधी विचारलं, "थोरलं शेळगाव कसं हाय?"

"बरं आहे. गोळी दिली. उतरतंय."

"मग आता उचल." मी वाकलो, तर म्हणाले, "थांब. एक सांगतो. दुपारची नमाज हितंच बसून किली. खुर्ची न्हाय, काय न्हाय. वाकलो, वाकलो... वीतभर ऱ्हायलं बग कपाळ. दोन वर्सांत एवढं जवळ गेलो नव्हतो." आणि हसले. डोळे मात्र हसत नव्हते.

मी त्यांना मिठी मारल्यासारखं धरलं. त्यांनी एक हात माझ्या पाठीवर घट्ट रोवला, सगळा भार टाकला, एक सणसणीत शिवी हासडली आणि उठले. तसेच आम्ही बराच वेळ उभे होतो. मी म्हणालो, "चुकलो, चाचा." त्यांनी पाठीवर दोन थापा मारल्या. "मला सांगून काय उपेग? ज्या घरात डब्या दिल्यास तितं जा आन् सांग."

गेलो. बिल्ला साहेबांना पोस्टानं पाठवला आणि तीच बॅग घेऊन गावोगाव फिरलो. डॉक्टरची गोळी सोडली असेल तर आज दवाखान्यात जा, एवढंच सांगायचं. कुणी चहा दिला, कुणी तोंडावर दार लावलं. कळंबला एक आजोबा काठी घेऊन मागं लागले, आणि ते बरोबरच होते.

चाचांनीही सरकारी दवाखान्यातल्या बाईंपुढं हार मानली. पायाला वजन बांधून उचला म्हणाल्या, तर ह्यांनी फडक्यात किलोभर हळकुंडं बांधली आणि पोटरीखाली आवळली. गिरणीत खुर्चीवर बसून मुसळाच्या तालावर पाय वर, पाय खाली. समोर बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. उन्हाळ्याअखेर एक दिवस चाचा तीन पायऱ्या सरळ उतरले, तोंड पुढं करून, आणि रस्त्यातूनच मला हाक मारली. "ए धाकटं शेळगाव! हळदीचा गुडघ्याला उपेग हाय रं! कुठं बांधायची ते तेवढं कळाय पायजे!"

कपाळ मात्र शेवटपर्यंत टेकलं नाही. निळी खुर्ची शेवटच्या ओळीत राहिली. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "अल्लाला खुर्ची चालती. हट्ट माझा हुता." गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. आई शेळगावहून आली, सकाळची गोळी घेऊन मगच निघाली होती आणि तसं तिनं गिरणीच्या बंद दारापुढं उभं राहून मोठ्यानं सांगितलं.

इंदापूरच्या सभेच्या दिवशी घरी येऊन मी शर्ट काढला तेव्हा पाठीवर पिवळा पंजा होता. पाच बोटं, तळवा, सगळं स्पष्ट. तो शर्ट अजून माझ्या कपाटात घडी करून ठेवलेला आहे. दर दिवाळीला आवराआवरीत बायकोच्या हाताला लागतो. ती म्हणते, "एवढा चांगला शर्ट. पाण्यातून काढून उन्हात टाकते, जाईल डाग." जाईल हे मलाही माहीत आहे.

मी म्हणतो, खबरदार उन्हात टाकशील तर!